आजोळी जाताना: तुमच्या घरची तयारी कशी असायची?

हल्ली सुट्टी लागली की एक ट्रॉली बॅग आणि मोबाईलवर तिकीट, झालं. परवा माळा आवरताना होल्डॉल आणि फिरकीचा तांब्या सापडला आणि घरात तासभर गप्पाच रंगल्या, म्हणून म्हटलं सगळ्यांनाच विचारावं. एसटी, रेल्वे, लाँच काहीही चालेल. सविस्तर लिहा.

—

आमचं राजापूरकडचं. कोकण रेल्वे यायच्या आधी परळ डेपोतून रात्रीची लाल एसटी, आणि कशेडी घाट आला की निम्मी गाडी ओकायची. आईच्या पर्समध्ये लिंबू, आवळासुपारी आणि प्लास्टिकच्या पिशव्या, त्याही घड्या घालून रबर लावलेल्या, कारण अंधारात पिशवी उघडत बसायला वेळ नसतो हे तिला पक्कं ठाऊक. येताना टपावर फणस, तांदळाचं पोतं, आंब्याच्या पेट्या, आणि लगेजवरून बाबांची कंडक्टरशी हुज्जत ठरलेली. मग 1998 ला रेल्वे पूर्ण सुरू झाली, आम्ही पोरं खूश, करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा आला की नुसता आरडाओरडा! पण आजी शेवटपर्यंत नाराज. म्हणायची, "तुमची गाडी डोंगरात उतरवते, एसटी निदान तिठ्यावर तरी सोडायची." आणि खरंच होतं ते, स्टेशनवरून घरी यायला रिक्षाच मिळायची नाही.

—

पुण्याहून दादरला जायचो. कर्जतला वडा, बास. परत येताना घाट चढायला मागून इंजिनं जोडायचे तेव्हा काका आम्हाला मुद्दाम खाली उतरवून दाखवायचे आणि आई खिडकीतून ओरडत असायची.

—

वऱ्हाडातलं कोणी आहे का इथं? आमचं आजोळ अचलपूर, म्हणजे मूर्तिजापूरहून शकुंतला. नॅरोगेज. कापूस वाहून न्यायला इंग्रजांच्या काळात टाकलेली लाईन, अन् 1994 पर्यंत कोळशाचं इंजिन होतं राजेहो! पांढरा शर्ट घालून गेलं की मामी दारातच म्हणे, आधी अंघोळीला चला. डोळ्यात कोळशाचा कण गेला की आई पदराचं टोक पीळ देऊन बारीक करे अन् अलगद काढे, रडायचीही सोय नाही कारण हललं की पुन्हा पहिल्यापासून. आता ती गाडी बंद आहे, लोक मागणी करतात, बघू.

—

सगळ्यांचं वाचतेय, मजा येतेय, पण एक लिहू का? दशम्या, शेंगदाण्याची चटणी, तांब्या, पिशव्या हे सगळं आदल्या रात्री जागून कोण करायचं? आम्हाला प्रवास आठवतो, आईला विचारलं तर तिला प्रवासातलं काहीच आठवत नाही, आठवतं ते एवढंच की माहेरी पोचल्यावर सकाळी तिला कोणी उठवायचं नाही. आठ-आठ वाजेपर्यंत झोपायची, आणि आजी आम्हालाच दटावायची, गप बसा रे, माझी पोर झोपलीये. मार्च 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालंय तेव्हापासून आई मनात आलं की एकटीच जाते मामाकडे. डबा नाही, तांब्या नाही, स्टँडवर पाण्याची बाटली विकत घेते. बाबांना निघताना फक्त सांगते, आमटी फ्रीजमध्ये आहे, गरम करून घ्या.