मदत हवी आहे : प्रावरण-खडकातलं ऑस्मियम कुणी बदललं, समुद्राने की खाली गेलेल्या भूपट्टाने?

नमस्कार मंडळी,

मी गोव्यात पीएचडी करते. इथे ताळगावच्या पठारावर पायाखाली सगळा जांभा, आणि टेबलावर मात्र दक्षिण अंदमानच्या रटलंड बेटावरचे हिरवे-काळे हार्झबर्गाइट. अंदमानच्या सबडक्शन झोनवर (एक भूपट्ट दुसऱ्याखाली सरकतो तिथे) उघडं पडलेलं महासागराखालचं प्रावरण. सरांनी दिलेल्या नमुन्यांपैकी दोन सध्या झोप उडवतायत.

स्ट्रॉन्शियमवर मी पाणी सोडलंय. माझ्या पुडीत त्याच्या समस्थानिकांचं ८७/८६ गुणोत्तर ०.७०८८ आलं, समुद्राच्या पाण्याचं ०.७०९२. सर्पेंटाइन होताना (पाण्याने मूळ खनिजं बदलताना) खडक इतकं पाणी प्यायलाय की त्यात मूळचं काही उरलेलं नाही.

म्हणून ऑस्मियमकडे वळले. प्रावरण वितळताना रेनियम रसाबरोबर निघून जातं, ऑस्मियम मागे राहतं. रेनियम-१८७ चा क्षय होऊन ऑस्मियम-१८७ बनतं, त्यामुळे रेनियम गेल्यावर ऑस्मियमचं १८७/१८८ गुणोत्तर जवळपास वाढतच नाही. पहिल्या नमुन्याचं ०.१२१५ आलं. आजच्या आदिम प्रावरणाचं ०.१२९६ धरलं तर वितळण्याचं वय सुमारे ११० कोटी वर्षं निघतं, आणि हा ओफिओलाइट (वर आलेला महासागरी कवच-प्रावरणाचा तुकडा) तर साडेनऊ कोटी वर्षांचा! हा आकडा मला खरा वाटतो, कारण समुद्र असो वा भूपट्टातून आलेला द्रव, दोघेही गुणोत्तर वाढवतात, कमी करत नाहीत.

घोळ दुसऱ्या नमुन्याचा. त्याच ओढ्यातला, शंभरेक पावलांवरचा, आणि आकडा ०.१३०२. सर म्हणतात समुद्राचं पाणी. मी हिशोब मांडला. पाण्याचं गुणोत्तर १.०६ खरं, पण किलोभर पाण्यात ऑस्मियम जेमतेम १० पिकोग्रॅम. माझ्या खडकात ग्रॅममागे ४ नॅनोग्रॅम. म्हणजे ०.१२१५ वरून ०.१३०२ वर न्यायला एका ग्रॅम दगडातून सुमारे ३.७ किलो पाणी जायला हवं, तेही आपलं सगळं ऑस्मियम तिथेच टाकून. हे पटत नाही. मूळ प्रावरणच एकसारखं नसेल, की भूपट्टातल्या द्रवाने हे केलं? कुणी हिशोब तपासून द्याल का?

दुसरी अडचण हाताची आहे. क्रोमाइट या क्रोमियमच्या खनिजात ऑस्मियम टिकून राहतं, रेनियम नगण्य, म्हणून तेच कण वेगळे करून मोजायचे आहेत. पण पुडीवर चुंबक फिरवला की सर्पेंटाइन होताना तयार झालेलं मॅग्नेटाइट झुपक्याने चिकटतं आणि क्रोमाइटलाही ओढून नेतं. सूक्ष्मदर्शकाखाली क्रोमाइटच्या कडाही मॅग्नेटाइट झालेल्या दिसतात, गाभा तेवढा लालसर-तपकिरी. कडा काढायला गरम हायड्रोक्लोरिक आम्ल वापरलं तर गाभ्यातलं ऑस्मियम हलेल का? की कण हातानेच वेचू? प्रत्यक्ष हे काम केलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा, आम्लाची तीव्रता आणि वेळेसकट.

चवथीच्या सुट्टीआधी नमुने मोजणीला पाठवायचे आहेत. दुसऱ्या नमुन्याची पूड एकूण बारा ग्रॅम उरली आहे, म्हणून चुकून बघण्याची सोय नाही.