कोल्हापुरात दोन दिवस: कुठे खावं, काय घ्यावं? कोल्हापूरकरांचा सल्ला हवा

नागपूरची_सून

नमस्कार मंडळी. ३१ जानेवारीला, शनिवारी दुपारी महाराष्ट्र एक्स्प्रेसनं कोल्हापूरला पोचतोय. सोमवारी दुपारच्या गाडीनं परत. सोबत सासू-सासरे, दोघेही सत्तरीच्या पुढचे, नवरा आणि पाचवीतला मुलगा. मुक्काम स्टेशनजवळ. अंबाबाईचं दर्शन नक्की, पन्हाळा जमलं तर. बाकीचा वेळ खाण्याला आणि खरेदीला ठेवलाय.

नेटवर सगळीकडे तीच पाच-सहा नावं फिरताहेत, त्यामुळे तिथे राहणाऱ्यांची स्वतःची मतं हवी आहेत. कुठे मुद्दाम वाट वाकडी करून जावं आणि कुठे नाही गेलं तरी चालेल?

थोडी माहिती आमच्याबद्दल. आम्ही सावजी खाणारी माणसं, तिखटाची भीती नाही. पण सासूबाई पूर्ण शाकाहारी आणि त्यांना पित्ताचा त्रास आहे. सासऱ्यांना मटणाचं ताट खायचंय, ते गेले कित्येक महिने त्याबद्दल बोलताहेत. शिवाय त्यांना कोल्हापुरी चप्पल घ्यायची आहे. मागे एका प्रदर्शनातून आणलेल्या जोडाचा तळ महिन्याभरात सुटला, म्हणून या वेळी नीट पारखून घ्यायची आहे.

रंकाळाकाठ

या की ताई, निवांत या. एक गोष्ट आधी सांगतो, कारण बाहेरून येणाऱ्यांचा सगळा बेत इथंच फसतो. कोल्हापुरात कुठं खायचं यापेक्षा कधी खायचं ते महत्त्वाचं. मिसळ सकाळची. दुपारी बारा-एकनंतर चांगल्या ठिकाणचा कट, म्हणजे मिसळीवर घालायचा तिखट रस्सा, संपत आलेला असतो, काही ठिकाणी शटरच खाली. मटण दुपारचं किंवा रात्रीचं. भेळ संध्याकाळची. तुम्ही शनिवारी दुपारी उतरणार, म्हणजे त्या दिवशी मिसळीचा नाद सोडा, रविवारी सकाळी जा.

दुसरं, तिखटाबद्दल. "झणझणीत कोल्हापुरी" हे बाहेरच्या हॉटेलांनी मेन्यूकार्डावर छापून ठेवलेलं आहे. लालभडक तेलाची व्हेज कोल्हापुरी आमच्या घरात कुणी करत नाही. इथलं मटण मसाल्यावर उभं असतं: सुकं खोबरं, तीळ, खसखस, धणे आणि कांदा-लसूण चटणी. तुम्ही सावजी पचवता, तुम्हाला इथला तांबडा रस्सा सौम्यच वाटेल. सासरेबुवांना सांगा, आधी वाटीभर पांढरा रस्सा नुसता प्यायचा. मटणाच्या पाण्यात नारळाचं दूध, खडा मसाला. मग तांबडा. मग भाकरी मोडायची. पांढऱ्याची वाटी रिकामी झाली की वाढपी न विचारता पुन्हा भरतो, तेव्हा लाजू नका.

ताटासाठी माझं मत लक्ष्मीपुरीतलं पद्मा गेस्ट हाऊस. जुनी जागा आहे, थाटमाट नाही, पण पांढऱ्याची चव मला तिथं सगळ्यात सरळ वाटते. रविवारी दुपारी मात्र सगळं कोल्हापूर मटणावर असतं, म्हणून ताट शनिवारी रात्री उरकून घ्या. त्यातही लवकर जा.

बावडेकर७२

रंकाळाकाठ यांच्याशी सहमत. मिसळीबद्दल मात्र माझं वेगळं सांगणं आहे, कारण इथे लगेच सगळे फडतरे, फडतरे करणार.

उद्यमनगरातली फडतरे मिसळ चांगली आहे, त्यात वाद नाही. पण रविवारी सकाळी तिथे बाहेरगावच्या गाड्यांची रांग असते, आणि सत्तरीच्या माणसांना उभं करून ठेवणं मला पटत नाही. गुजरीच्या, म्हणजे सराफ बाजाराच्या कोपऱ्यावर चोरगे मिसळ आहे, अंबाबाईच्या देवळापासून चालत. पहाटे दर्शन, मग थेट तिथं. हे गणित घरच्या सगळ्यांना सोपं पडेल. आमच्या कसबा बावड्यातली बावडा मिसळ मला मनापासून आवडते, पण त्यासाठी वाकडी वाट करावी लागते. ज्यांच्याकडे दोनच दिवस आहेत त्यांना मी आग्रह करणार नाही.

आणि एक, मिसळीबरोबर इथं पाव नाही, स्लाइस ब्रेड मिळतो. ब्रेड कटात बुडवला की लगेच उचलायचा. मुलाला कट वेगळा मागून द्या, मटकी आणि फरसाणावर बेतानं घालता येतो.

सातासमुद्रापार_करवीर

मी कोल्हापूरची, आता दुबईत. गावी गेले की पहिली संध्याकाळ खासबागेच्या खाऊ गल्लीत. राजाभाऊंची भेळ. खासबागेचं कुस्ती मैदान शाहू महाराजांच्या काळातलं, आणि शेजारचं केशवराव भोसले नाट्यगृहही. ते ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळालं. केशवरावांची जयंती दुसऱ्याच दिवशी, ९ तारखेला होती. आम्ही शाळेच्या नाटकांत त्या रंगमंचावर उभ्या राहिलेल्या मुली. फोनवर त्या रात्रीचे व्हिडिओ बघताना घरातलं माणूस गेल्यासारखी रडले. तेव्हा भेळ खाताना मुलाला ती वास्तू दाखवा आणि दगडी मैदानही दाखवा. कुस्तीचं मैदान एवढं खोल, चहूबाजूंनी पायऱ्यांचं असतं, हे टीव्हीवर कळत नाही.

गंगावेशीतला दूधकट्टा सुचवू का? संध्याकाळी म्हशी रस्त्याकडेला उभ्या असतात, गवळी तुमच्यासमोर धार काढतो आणि फेसासकट ग्लास हातात देतो. ग्लास गरम लागतो, तो म्हशीच्या अंगाचाच ऊबदारपणा असतो. बघायला नक्की जा. मात्र सवय नसेल तर लहान मुलाला आणि सासूबाईंना कच्चं दूध देऊ नये असं मला वाटतं, प्रवासात पोट बिघडलं की सगळ्यांचेच हाल.

रंकाळाकाठ

अगदी. बघा, पिणं तुमच्यावर.

वादी_आणि_टाका

चपलेबद्दल मी लिहितो, आमच्या घरात तीन पिढ्या हेच काम.

शिवाजी चौकाजवळची चप्पल लाइन सगळ्यांना ठाऊक आहे, तिथेच जा. पण पहिल्या दुकानात पहिला जोड घेऊ नका. जोड हातात घ्या आणि उलटा करा. खऱ्या कोल्हापुरीत खिळा नसतो. तळाचे थर चामड्याच्याच वादीनं शिवलेले असतात, कडेनं टाके मोजता येतात आणि ते थोडे कमी-जास्त अंतरावर असतात, कारण ते हातानं घातलेले आहेत. टाके एकसारखे, दोऱ्याचे आणि कड चकचकीत रंगवलेली असेल तर तळ चिकटवलेला असण्याची शक्यता जास्त. ताईंचा प्रदर्शनातला जोड बहुधा त्यातलाच.

मग वास घ्या. आमचं चामडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं असतं, त्याला मातकट, तुरट वास येतो. रेक्झिनला प्लास्टिकचा वास येतो, तो लपत नाही. नंतर जोड दोन्ही हातांनी वाकवून बघा. खरं चामडं सुरुवातीला ताठ असतं, वाकतं पण घडीची पांढरी रेघ उमटत नाही.

मापाचं सांगतो. नवी चप्पल अंगठ्यात आणि पट्ट्यात थोडी घट्टच घ्यायची. आठवडाभरात चामडं पायाचा आकार घेतं. दुकानातच सैल वाटणारी चप्पल महिन्याभरात पायातून निसटायला लागते. सासरेबुवांचं पाऊल मोठं आणि रुंद असेल तर तयार जोडात जबरदस्तीनं बसवू नका. कागदावर दोन्ही पावलांची रेघ मारून द्या आणि बांधून घ्या. दोन पावलं सारखी नसतात, म्हणून दोन्ही पावलांची रेघ हवी. शनिवारी माप दिलंत तर सोमवारी देतो म्हणणारा कारागीर भेटेल, पण घाईत केलेलं काम मी स्वतः घेणार नाही. कुरियरनं मागवा.

कापशी प्रकार मागा. कागल तालुक्यातल्या कापशी गावावरून नाव पडलंय. दोन्ही बाजूंना कान, वर वेणी. वयस्कर माणसाला जाड, वजनदार जोड देऊ नका, पाय उचलताना त्रास होतो. पातळ तळाचा, कमी नक्षीचा घ्या.

२०१९ साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि पलीकडचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे त्यात आहेत. त्यामुळे "अथणीची आहे, कोल्हापुरी नव्हे" असं कुणी सांगितलं तर ते खरं नाही, अथणी बेळगाव जिल्ह्यातच आहे. तिकडचे कारागीरही पिढीजात आहेत. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटलीच्या कंपनीनं आमच्यासारखीच चप्पल मांडली आणि सुरुवातीला कोल्हापूरचं नावही घेतलं नाही, तेव्हा इथं सगळ्यांच्याच जिवाला लागलं होतं. म्हणून एक विनंती, हातानं बांधलेल्या जोडाचा भाव फार पाडून मागू नका. चामडं भिजवण्यापासून वेणी घालण्यापर्यंत त्यात बायकांचीही मेहनत असते आणि ती दुकानात दिसत नाही.

पावसात घालू नका. भिजली तर सावलीत वाळवा, उन्हात नाही. अधूनमधून तेलाचं बोट फिरवा.

नागपूरची_सून

किती मनापासून लिहिताय सगळे. वादी_आणि_टाका दादा, तुमचा प्रतिसाद सासऱ्यांना वाचून दाखवला. त्यांनी कागदावर पावलांची रेघ मारूनही ठेवली.

तीन शंका. सासूबाईंनी मटणाच्या जागी बसून काय खावं? दर्शनाला कोणती वेळ बरी? आणि गूळ, चटणी कुठून घ्यावी?

बावडेकर७२

दर्शनाचं महत्त्वाचं आहे. ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी हे किरणोत्सवाचे दिवस. मावळतीची किरणं देवीच्या चरणांपासून वर चढतात. त्यामुळे संध्याकाळी देवळात प्रचंड गर्दी असते. गर्दी झेपणार असेल तर तो सोहळा बघण्यासारखाच आहे, पण किरणं दर वेळी मुखापर्यंत पोचतातच असं नाही, ढग आणि धुरकं आडवं येतं. सासू-सासऱ्यांना घेऊन रविवारी पहाटेच जा. रांगही कमी आणि देऊळही शांत.

रंकाळाकाठ

काकूंसाठी: मटणाच्या ठिकाणी शाकाहारी ताट बहुतेक मिळतं, पण त्यात जीव नसतो, हे स्पष्ट सांगतो. रस्साही त्याच मसाल्याचा, पित्ताला नको. सरळ दोन टोळ्या करा. पुरुषमंडळी लक्ष्मीपुरीत, तुम्ही दोघी महाद्वार रोडच्या बाजूच्या शाकाहारी खानावळीत. ज्वारीची भाकरी, पिठलं, दही, मिरचीचा खर्डा बाजूला काढून ठेवला की काकूंना काहीच त्रास नाही.

पन्हाळा इथून वीसेक किलोमीटर. रविवारी मिसळीनंतर निघा. वर बायका चुलीवरची भाकरी, झुणका आणि मडक्यातलं दही देतात. माझ्या मते काकूंचं सगळ्यात चांगलं जेवण तिथंच होईल. तीन दरवाजाला थोडं चालणं आहे, बाकी गाडी जाते.

डंकावरची

गूळ आणि चटणी माझ्याकडे.

वेळ उत्तम निवडलीत, जानेवारीत गुऱ्हाळं जोरात असतात. पन्हाळ्याच्या वाटेवर उसाच्या शेतात चिमणीचा धूर दिसला तर गाडी थांबवा. विचारलं की आत बोलावतात. काहिलीत रस उकळत असतो, त्यात जंगली भेंडीच्या खोडाचं चिकट पाणी घालून मळी वर काढतात. तो मळीचा थर झाऱ्यानं बाजूला होताना मुलाला बघू द्या. ताजी काकवी मिळाली तर बाटली भरून घ्या.

विकत घेताना पिवळाधमक, चकचकीत गूळ टाळा. रंग उजळायला रसायन घातलेलं असू शकतं. मळकट तपकिरी, किंचित मऊ गूळ घ्या. कोल्हापुरी गुळाला २०१४ पासून भौगोलिक मानांकन आहे, पण खडा तोंडात टाकून बघितल्याशिवाय घेऊ नका. नुसता खारट लागला तर दुसरं दुकान. शाहू मार्केट यार्डात घाऊक व्यवहार असतो, तिथं दहा किलोचे रवे. गाडीत न्यायला एक किलोच्या ढेपा लक्ष्मीपुरीत मिळतात.

चटणीचं मात्र उलटं आहे. चटणी आम्ही उन्हाळ्यात करतो, मार्च ते मे. रंगाला ब्याडगी, चवीला संकेश्वरी, जहाल हवी असेल तर मूठभर लवंगी. मिरची वाळवून, मसाला तेलात भाजून, कांदा-लसूण-खोबरं घालून डंकावर कुटून आणायची. म्हणजे जानेवारीत दुकानात जी दिसेल ती एक तर गेल्या उन्हाळ्याची, नाहीतर यंत्रावर थोडी थोडी दळलेली. म्हणून पाव किलोच घ्या, आणि पुडा उघडून दाखवा म्हणा. लसणाचा वास आधी आला पाहिजे, नुसत्या तिखटाचा ठसका नको. रंग फार लाल असेल तर मी तरी घेणार नाही.

नागपूरला नेल्यावर फ्रीजमध्ये ठेवा, ओला चमचा घालू नका.

सातासमुद्रापार_करवीर

आणि गुजरीत कोल्हापुरी साज, म्हणजे गळ्यातला दागिना, बघून या ताई, घेतला नाही तरी. दशावतार आणि अष्टमंगळाची पानं ओवलेली असतात, दुकानदार एकेक पान बोटानं दाखवत नाव सांगतात. मासा, कासव, नरसिंह. मुलाला आवडेल. रोज घालायला हवा असेल तर महाद्वार रोडला एक ग्रॅमचे मिळतात. पैंजण घ्यायचे असतील तर हुपरीच्या कारागिरांचे आहेत का ते विचारा, चांदीचं काम त्यांचं.

वादी_आणि_टाका

सोमवारी सकाळी खरेदी ठेवली असेल तर दुकानं साडेदहापर्यंत उघडतात हे लक्षात ठेवा. सीपीआर हॉस्पिटलसमोर आता हायकोर्टाचं सर्किट बेंच आहे, कामाच्या दिवशी भाऊसिंगजी रोडला वकील-पक्षकारांची गर्दी असते. गाडी न नेता रिक्षानं शिवाजी चौकात उतरा. आणि रेघ मारलेले कागद विसरू नका.