बॉब टेलर: बळी १६४९, कसोट्या मात्र ५७ च. असं का?

स्टंपामागून
प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये यष्टीमागे सर्वाधिक बळी इंग्लंडच्या बॉब टेलरचे: १४७३ झेल आणि १७६ यष्टिचीत. पहिली कसोटी १९७१ ला, दुसरी थेट १९७७ ला. मधली सहा वर्षं हा माणूस होता कुठे? दुसरं म्हणजे, त्याचं कीपिंग 'शुद्ध' होतं असं सगळेच म्हणतात. म्हणजे तांत्रिकदृष्ट्या नेमकं काय? चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना त्यातलं काय शिकवता येईल?

काउंटीवेडा
कुठे म्हणजे, डर्बीशायर या काउंटी संघातच. १९६१ पासून १९८४ पर्यंत तोच त्यांचा कीपर, मधे थोडा काळ कर्णधारही. कसोटीत वाट अडवली ती केंटच्या ॲलन नॉटने. नॉट कीपर म्हणून अव्वल होताच, वर कसोटीत ५ शतकं आणि ३२.७५ ची सरासरी. टेलरची सरासरी १६.२८. ख्राइस्टचर्चला न्यूझीलंडविरुद्ध एक कसोटी मिळाली आणि पुन्हा नॉट. १९७७ मध्ये नॉट केरी पॅकरच्या बंडखोर 'वर्ल्ड सिरीज'कडे गेला, तेव्हा टेलरला जागा मिळाली. वय ३६! तिथून पुढे १९८४ पर्यंत उरलेल्या ५६ कसोट्या. एकूण १६७ झेल, ७ यष्टिचीत.

तरीही खुर्ची पक्की नव्हती. १९८१ च्या ॲशेसमध्ये (ऑस्ट्रेलियाविरुद्धची मालिका) पहिल्या कसोटीत पॉल डाउन्टन, पुढच्या तीन टेलर, शेवटच्या दोन परत नॉट, कारण एकच, फलंदाजी. हेडिंग्लीला १३० धावांचं लक्ष्य असताना ऑस्ट्रेलिया १११ त गारद झाली, त्या डावात टेलरचे ४ झेल आहेत. वुड, डायसन, चॅपेल, लॉसन. त्याच सामन्यात त्याने जॉन मरेचा प्रथम श्रेणीतला १२७० झेलांचा विक्रम मागे टाकला. बक्षीस काय, तर दोन सामन्यांनी संघाबाहेर.

नॉर्थ स्टँड
फलंदाजी अगदीच टाकाऊ नव्हती हो. १९७८-७९ ला ॲडलेडमध्ये इंग्लंड ६ बाद १३२ असताना जेफ मिलरबरोबर १३५ ची भागी केली आणि स्वतः ९७ वर बाद झाला. कसोटी शतक राहिलं ते राहिलंच.

आणि आपल्या वानखेडेवरची फेब्रुवारी १९८० ची सुवर्णमहोत्सवी कसोटी विसरू नका. अष्टपैलू इयन बोथमच्या १३ बळी आणि ११४ धावांखाली टेलर झाकला जातो. भारताच्या पहिल्या डावात ७ झेल (तेव्हाच्या विश्वविक्रमाची बरोबरी, पाकिस्तानच्या वासिम बारीशी), दुसऱ्यात ३. सामन्यात १० झेल हा नवा विश्वविक्रम, तो पुढे १९९५ ला जोहान्सबर्गमध्ये इंग्लंडच्याच जॅक रसेलने ११ घेऊन मोडला. इंग्लंड ५ बाद ५८ वरून बोथम-टेलर जोडीने १७१ धावा जोडल्या. त्यात टेलरला यष्टीमागे झेलबाद दिलं होतं, पण भारताचा कर्णधार विश्वनाथने पंचांना सांगून त्याला परत बोलावलं. टेलर ४३ वर गेला आणि भारत १० गड्यांनी हरला. विश्वनाथच्या त्या दिलदारीची किंमत मोठी होती, पण त्याला बोल लावणारा अजून भेटायचा आहे.

इनर्स
तंत्राबद्दल मी लिहितो. 'शुद्ध' म्हणजे झेप कमी, पावलं जास्त. इंग्लंडमध्ये चेंडू फलंदाजाला ओलांडून गेल्यावर हलतो, शेवटच्या दोन-तीन यार्डांत डुलतो किंवा एकदम खाली बसतो. लॉर्ड्स त्यासाठी बदनाम आहे. तिथे हात आधीच ताठ धरून ठेवले की चेंडू तळव्याच्या कडेला लागून उडतो. म्हणून हात सैल, नजर चेंडू ग्लोव्हमध्ये शिरेपर्यंत, आणि डोकं चेंडूच्या रेषेत.

वेगवान गोलंदाजीला मागे किती उभं राहायचं? चेंडू टप्पा पडून वर जाऊन किंचित उतरायला लागतो, तिथे तो कमरेच्या उंचीवर मिळाला पाहिजे. छातीवर येत असेल तर मागे सरका, गुडघ्याखाली येत असेल तर पुढे या. चेंडू जुना झाला, खेळपट्टी मंदावली की हे अंतर पुन्हा मोजावं लागतं. बरीच मुलं दिवसभर एकाच खुणेवर उभी राहतात आणि कडा पुढेच पडतात.

स्टंपांजवळ उभं राहताना (उजवा फलंदाज धरून) डावा पाय मधल्या आणि ऑफ स्टंपच्या मागे, म्हणजे चेंडू दिसतो. अंतर इतकंच की पाऊल न टाकता हात बेल्सपर्यंत पोचावा. बसून राहायचं, टप्पा पडेपर्यंत उठायचं नाही, मग उसळीबरोबर वर यायचं. सर्वात मोठी चूक हीच: घाईने उठणं. वर जाणं सोपं, पुन्हा खाली वाकायला वेळ लागतो आणि चेंडू ग्लोव्हखालून निघून जातो. बोटं जमिनीकडे, कधीही गोलंदाजाकडे रोखलेली नकोत. तशी धरली की बोट मोडतं.

स्टंपामागून
लेगसाइडचं काय? तिथे तर फलंदाजाच्या अंगामागे चेंडू दिसतच नाही. आणि नव्या ग्लोव्हजमधून चेंडू टणकन बाहेर येतो.

इनर्स
लेगसाइडला रेषा कळेपर्यंत हलायचं नाही. कळली की डावं पाऊल आडवं, स्टंपांच्या समांतर. मुलं मागे तिरकी पळतात, मग चेंडू मिळाला तरी बेल्स हाताबाहेर. वजन डाव्या पायावर, हात आत वळलेले, म्हणजे चेंडू घेऊन थेट स्टंपांकडे येता येतं. सरावात फलंदाजाला बॅट मुद्दाम चेंडूच्या रेषेवरून फिरवायला लावा, पण लागू द्यायची नाही.

नव्या ग्लोव्हजचं रबर ताठ असतं. आतल्या इनर्स (ग्लोव्हजखाली घालायचे पातळ हातमोजे) किंचित ओलसर करून घाला (भिजवू नका, जड होतात) आणि जुना चेंडू तळव्यावर आपटत राहा. ग्लोव्हजशिवाय, दोन मीटरवरून अंडरआर्म टेनिस चेंडू, दोन्ही हातांनी, रोज पन्नास. ग्लोव्हजच्या बोटांमधली जाळी फक्त अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्येच चालते, क्रिकेटचा कायदा २७. खरेदी करताना बघून घ्या.

काउंटीवेडा
हे तंत्र किती टिकाऊ असतं त्याचा पुरावा लॉर्ड्सवरच आहे. १९८६ ला न्यूझीलंडविरुद्ध इंग्लंडचा कीपर ब्रूस फ्रेंचला वेगवान गोलंदाज हॅडलीचा चेंडू डोक्याला लागला. बिल ॲथीने थोडा वेळ ग्लोव्हज घातले, मग प्रायोजकांच्या पाहुण्यांची सरबराई करणाऱ्या निवृत्त टेलरला बोलावलं. वय ४५, साहित्य उसनं, तरी कीपिंग चोख. नंतर हॅम्पशायरच्या बॉबी पार्क्सने जागा घेतली. तेव्हा बदली खेळाडूला कीपिंगची परवानगीच नव्हती, न्यूझीलंडचा कर्णधार कोनी हो म्हणाला म्हणून जमलं. कायद्यात ती सोय २०१७ ला आली, तीही पंचांच्या संमतीने.

नॉर्थ स्टँड
तरी १९८१ ला नॉटला परत घेतलं ते चूक नव्हतं. ओल्ड ट्रॅफर्डला त्याने ५९ केल्या, ओव्हलला नाबाद ७०. टेलरकडून त्या झाल्या नसत्या.

काउंटीवेडा
मान्य. पण मालिका वाचली ती हेडिंग्लीला, आणि तिथे मागे कोण उभा होता ते वर लिहिलंय.