दोन दारांची गाडी विकून घरासाठी सेडान: सोलापुरात राहून तरी मला हेच पटतं

टॉवेलवाला

माझ्याकडे २०१६ सालची ऑडी टीटी आहे, पुण्यातल्या एका गृहस्थांकडून जुनी घेतलेली. ती विकून घरासाठी चार दारांची सेडान घ्यायचं जवळजवळ ठरलंय. मित्रमंडळी म्हणतात, हातातलं सोनं घालवतोयस. मला तसं वाटत नाही, म्हणून इथे सविस्तर मांडतो. विरोध जरूर करा, पण मुद्द्याला धरून करा.

गाडीत खोट नाही. दोन लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, २३० हॉर्सपॉवर, चारही चाकांना ताकद. शून्यावरून शंभरचा वेग कंपनीच्या आकड्याप्रमाणे ५.३ सेकंदांत. पण अशी गाडी खुलते ती वळणांवर, आणि सोलापूरच्या भोवती वळणं आहेत कुठे? पुणे रस्ता सरळ, हैदराबाद रस्ता सरळ, विजयपूरकडे निघालात तरी नजर पोचेल तिथवर सरळच. तुळजापूरचा घाट तेवढा आहे, तोही बघता बघता संपतो. शिवाय कोजागिरीला तो अख्खा रस्ता पायी निघालेल्या भाविकांचा असतो. तिथे वेगाचा विचार मनात आणणंसुद्धा चूक.

आता आपल्या घरातल्या गाडीला खरं काम काय असतं ते बघा. अक्कलकोट चाळीस किलोमीटर, तुळजापूर पंचेचाळीस, पंढरपूर पंचाहत्तरच्या आसपास. या ठिकाणी आपल्याकडे कुणी एकटं जात नाही. आई, वडील, मुलं, कधी आत्या, असं सगळं घर निघतं. टीटीला मागे दोन सीट आहेत, पण मोठं माणूस तिथे बसलं की डोकं मागच्या उतरत्या काचेला टेकतं. मे महिन्यात पारा त्रेचाळीसवर असताना त्या काचेखाली कुणाला बसवायचं? आईच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालीय. पुढची सीट मागे ढकलून तिला बसवता येतं, पण मग तिच्या मागे कुणीच बसू शकत नाही.

गाडी निघाली की घरी कोण राहतं, हे आधी बघावं असं माझं मत आहे. आमच्याकडे दर वेळी कुणी ना कुणी राहतं, आणि बहुतेक वेळा ते माणूस स्वतःहूनच म्हणतं, "तुम्ही जाऊन या." ते मला आता सहन होत नाही.

स्लाविया, व्हर्टस, व्हर्ना, सिटी या चार सेडान डोळ्यांसमोर आहेत.

टर्बो_तेरा

दादा, तुमची भावना समजली. तरीही ठामपणे सांगतो, विकू नका.

टीटीचं उत्पादन २०२३ मध्ये बंद झालं. पहिली टीटी १९९८ ची, म्हणजे पंचवीस वर्षांचा प्रवास संपला. आज विकलीत आणि उद्या परत घ्यावीशी वाटली, तर सांभाळलेली गाडी भारतात सापडणं मुश्कील आहे. सेडान मात्र उद्याही मिळेल, परवाही मिळेल. जे परत मिळत नाही ते आधी सोडायचं, हा हिशोब मला पटत नाही.

पैशाचंही बघा. तुमच्या टीटीच्या किमतीची घसरण पहिल्या मालकाने सोसली, आता ती फारशी पडणार नाही. नवी सेडान घेतलीत तर घसरण तुमच्या खिशातून सुरू. विम्याचा आयडीव्हीचा, म्हणजे विमा कंपनी गाडीची किंमत किती धरते त्याचा, तक्ता काढून बघा: दुसऱ्या वर्षी २० टक्के वजा, तिसऱ्या वर्षी ३०, पाचव्या वर्षापर्यंत ५०. पंधरा लाखांची गाडी कागदावर साडेसात लाखांची होते. त्यापेक्षा घरासाठी एखादी जुनी, साधी, उंच छताची हॅचबॅक घ्या. वॅगनआर घ्या. आई आरामात बसतील, अक्कलकोट होईल, आणि टीटीही राहील.

वळणांचा मुद्दा तर मला अर्धाच वाटला. गळीत हंगामात बार्शी-मंगळवेढ्याकडच्या आतल्या रस्त्यांवर उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर पुढे असतो. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. तो पार करताना समोरच्या लेनमध्ये जितका कमी वेळ राहाल तितका जीव सुरक्षित. अशा वेळी ताकद म्हणजे चैन नव्हे.

टॉवेलवाला

ट्रॅक्टरचा मुद्दा मान्य आहे. पण स्लावियाच्या दीड लिटर इंजिनाची ताकद १५० पीएस (म्हणजे जवळपास तेवढेच हॉर्सपॉवर) आहे आणि व्हर्नाच्या टर्बोची १६०. ट्रॅक्टर पार करायला तेवढी पुरते. शिवाय घरचे सगळे गाडीत असताना मी समोर मोकळा रस्ता दिसल्याशिवाय बाहेर काढणारच नाही, मग गाडी कुठलीही असो.

दोन गाड्यांचा विचार आम्ही केला होता. आमच्या बोळात एक गाडी लावतानाच शेजाऱ्यांशी रोज बोलणं होतं. आणि उभी राहिलेली गाडी फुकट उभी राहत नाही. बॅटरी उतरते, टायरचं रबर उन्हात कडक होतं, विमा चालूच राहतो. सर्व्हिसला मी ती पुण्याला नेतो, येऊन-जाऊन पाचशे किलोमीटर. एवढं करून ती कुणासाठी ठेवायची? घरचे वॅगनआरमध्ये आणि मी टीटीत, असं दृश्य मला नको आहे.

होटगीरोडकर

चर्चाच चुकीच्या दोन गाड्यांत चाललीय. आईचे गुडघे हे कारण असेल तर सेडान का?

सेडानची सीटसुद्धा खालीच असते हो. टीटीपेक्षा वर, एवढंच. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाला खाली बसायला आणि खालून उठायला त्रास होतो. सीट कमरेच्या उंचीला हवी, म्हणजे आडवं बसून पाय आत घेतले की झालं. क्रेटासारख्या उंच गाडीत ते आपोआप जमतं. माझ्या वडिलांना सिटीतून उतरताना दरवाज्याच्या वरच्या कडेला धरून स्वतःला ओढून घ्यावं लागायचं. आता उंच गाडीत ते माझा हातसुद्धा धरत नाहीत.

शिवाय आपले स्पीडब्रेकर. स्लावियाचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे गाडीचं पोट आणि रस्ता यांतलं अंतर, १७९ मिमी सांगतात तो रिकाम्या गाडीचा. पाच माणसं आणि सामान भरा, मग बघा किती उरतो. बाजाराचा कलही दिसतोच आहे, मारुतीची सियाझ सेडान २०२५ मध्ये बंद झाली. पाच वर्षांनी सेडान विकायला काढाल तेव्हा गिऱ्हाईक शोधत फिरावं लागेल.

अशोकचौक_गॅरेज

मालक, तुम्ही सगळे काय बोलायलाव ते वाचलं. तीस वर्षं गाड्यांच्या खाली झोपून काढली, म्हणून दोन गोष्टी सांगतो.

गाडी आदळते कशामुळं, ते आधी समजून घ्या. टीटीला बहुधा २४५/४० आर १८ टायर असतील, म्हणजे रुंदी २४५ मिमी आणि रिम अठरा इंची. रिमच्या कडेपासून रस्त्यापर्यंत रबर किती, तर २४५ चे चाळीस टक्के, म्हणजे ९८ मिमी. स्लावियाला २०५/५५ आर १६, तिथं रबर ११३ मिमी. हे दीड सेंटीमीटर लहान वाटतं, पण सिमेंट रस्त्याच्या जोडावर आणि खड्ड्याच्या कडेवर पहिला दणका हेच रबर खातं. ते कमी असलं की दणका रिमला, रिमकडून बुशला (सस्पेन्शनच्या सांध्यातल्या रबराला) आणि तिथून तुमच्या कंबरेला. वाकडी रिम घेऊन येणारं गिऱ्हाईक माझ्याकडं उन्हाळ्यापेक्षा पावसाळ्यात जास्त, कारण खड्डा पाण्यात दिसत नाही.

आता यावर इलाज आहे. सतरा इंची रिम आणि २२५/५० टायर घाला. चाकाची एकूण उंची जवळपास तीच राहते, त्यामुळं स्पीडोमीटर बिघडत नाही, आणि रबर होतं ११२.५ मिमी. स्लावियाएवढंच! ब्रेकच्या कॅलिपरला (चाकाच्या आत ब्रेक दाबणाऱ्या भागाला) रिम घासत नाही ना, एवढं आधी बघून घ्यायचं. नुसत्या आरामासाठी गाडी विकत असाल तर आधी हे करून बघा, नव्या गाडीच्या मानानं खर्च किरकोळ आहे.

पण मागं माणूस बसत नाही त्याला माझ्या गॅरेजमध्ये इलाज नाही. टीटीच्या पुढच्या-मागच्या चाकातलं अंतर २५०५ मिमी. स्लावियाचं २६५१. हे अंतर वाढलं की गाडी ब्रेकरवर नाक खाली, शेपूट वर असं कमी करते, आणि मागच्या माणसाला पोटात ढवळत नाही. उंच गाडीत दणका कमी बसतो हे खरं, पण ती वळणावर डोलते. ज्यांना गाडी लागते त्यांना विचारा.

रूपाभवानी_रोड

मला या चर्चेत एक गोष्ट खटकतेय. दादा, वहिनींचं मत तुम्ही कुठेच लिहिलेलं नाही.

"घरासाठी गाडी" म्हणताना पुरुष चालवणार आणि बाकीचे बसणार, असं सगळ्यांनी गृहीत धरलंय. आमच्या घरी गाडी मी चालवते. सासूबाईंना दवाखान्यात मी नेते, मुलीला क्लासला मी सोडते, बँकेत मी जाते. तीन वर्षांपूर्वी घरात मोठी गाडी आली तेव्हा सगळ्यांच्या सोयीचा विचार झाला, फक्त नवी पेठेच्या बाजारात ती वळवणार कोण याचा झाला नाही. साडेचार मीटर लांबीची गाडी लावायला जागा शोधत सणाच्या दिवशी अर्धा तास फिरण्यापेक्षा मी रिक्षा करते. म्हणजे घरासाठी घेतलेली गाडी घरीच, आणि मी रिक्षात.

टीटी ४.१८ मीटरची आहे. शहरात चालवायला ती वहिनींना सेडानपेक्षा सोपी वाटत असेल, आवडतही असेल. तुमच्यासारखा वेगाचा आनंद फक्त तुम्हालाच असतो असं नाही. त्यांना विचारून मग ठरवा, एवढंच म्हणणं आहे. मी विकण्याच्या विरोधात नाही.

टॉवेलवाला

ताई, विचारलंय. लिहायला हवं होतं हेही खरं. तिला टीटी आवडते, आणि पुणे रस्त्यावर माझ्यापेक्षा ती जास्त सफाईने चालवते. पण विषय आधी तिनेच काढला. मुलगी आता अकरावीत आहे, उंची वाढली, आणि ती मागे तिरकी बसून मान वाकडी करून येते. "ही दोन वर्षांत शिकायला बाहेर जाईल. त्याआधी सगळे एका गाडीतून फिरू," असं बायको म्हणाली. लांबीचा मुद्दा मात्र आम्ही दोघांनीही लक्षात घेतला नव्हता. पाहायला जाऊ तेव्हा गाडी नवी पेठेतून तिलाच चालवायला सांगणार आहे.

होटगीरोडकर, सीटच्या उंचीचं तुमचं म्हणणं मला टोचलं, कारण ते खरं आहे. पण आईला गाडी लागते. मेहुण्यांच्या उंच गाडीतून गाणगापूरला जाताना दोनदा थांबावं लागलं होतं. तिच्यासाठी उठबस अवघड की डोलणं, हे तिला दोन्हीत बसवूनच कळेल. तुळजापूरच्या घाटातून एक फेरी दोन्ही गाड्यांची, आई मागच्या सीटवर. शोरूमवाले तेवढ्या लांब देणार नसतील तर एखाद्या ओळखीच्याची गाडी मागून घेईन.

माघवारी

नवी कशाला घेताय? जुनी स्कोडा सुपर्ब सेडान बघा. तिसऱ्या पिढीची, दोन लिटरवाली, १९० पीएस. तुमच्या टीटीच्या इंजिनाचं घराणं तेच, ईए८८८. खालचा साचाही दोन्हींचा एमक्यूबी. चाकांमधलं अंतर २८४१ मिमी, डिकी ६२५ लिटर, टीटीच्या ३०५ च्या दुपटीहून जास्त. मागे पाय पसरून झोपता येईल एवढी जागा. घसरण पहिल्या मालकाने सोसलेली, म्हणजे टर्बो_तेरांचा हिशोबही बसतो. लांबीला मात्र ती भली मोठी आहे, रूपाभवानी ताईंना अजिबात आवडणार नाही.

रूपाभवानी_रोड

पावणेपाच मीटरच्या वरची गाडी आणि नवी पेठ! नाही आवडणार. पण जुळे सोलापूर किंवा विजापूर रोडला राहणाऱ्यांना चालेल. दादा राहतात बोळात, हे विसरू नका.

होटगीरोडकर

सुपर्बची सीट आणखी आरामाची असेल, पण ती वर येत नाही. माझा मुद्दा तिथेच आहे. घाटातली फेरी झाली की आई काय म्हणाल्या ते इथे लिहा, माझ्या विरोधात गेलं तरी लिहा.

टर्बो_तेरा

सुपर्बबद्दल सांगतो, कारण आता तुम्ही ती बघणारच. सर्व्हिसच्या नोंदी पूर्ण हव्यात, त्यात गिअरबॉक्सचं तेल कधी बदललं ते हवंच. थंड इंजिन सुरू करून बघा, गरम करून ठेवलेली गाडी बघू नका. कर्जावर घेतलेली असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र आणि कर्जाची नोंद काढायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका.

आणि टीटी द्यायचीच झाली तर व्यापाऱ्याला देऊ नका. त्याला नफ्यावर १८ टक्के जीएसटी भरावा लागतो, तो तुमच्याच किमतीतून कापतो. माणसाने माणसाला विकली तर तो प्रश्न येत नाही. मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सही करून नुसती किल्ली देऊ नका, नाव बदललेलं स्वतः तपासा. घेणाऱ्याला ती चालवून दाखवताना मागच्या सीटबद्दल खरं सांगा, म्हणजे ज्याला खरोखर दोनच माणसांची गाडी हवी आहे त्याच्याकडे ती जाईल. पुण्यात असे लोक आहेत, हवं तर दोघांशी बोलून देतो.

माझं मत बदललेलं नाही. मी तुमच्या जागी असतो तर अशोकचौकवाल्यांच्या सतरा इंची रिम घातल्या असत्या, बोळाबाहेर भाड्याने एक जागा घेतली असती आणि गाडी ठेवली असती.