सास्काटूनजवळ १६० एकर घेतोय, शेजारी पोटॅशची खाण आहे. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

कॅनडात प्रेअरीवर (इथल्या सपाट गवताळ मुलखात) शेती घेतलेलं किंवा माती-पाण्याचं काम करणारं कुणी इथे असेल, तर कृपया वाचा. हातात फक्त तीन आठवडे आहेत.

मी मूळचा वाळवा तालुक्यातला, जिल्हा सांगली. नऊ वर्षं सास्कॅचेवान प्रांतात सास्काटूनला आहे, मी आणि बायको दोघंही पीआर, म्हणजे कायमचे रहिवासी. शहराच्या पश्चिमेला एक क्वार्टर विकायला निघालाय. इथे सगळी जमीन चौकोनांत मोजलेली आहे. मैलभर लांब, मैलभर रुंद म्हणजे एक सेक्शन, ६४० एकर, आणि त्याचा चतकोर म्हणजे क्वार्टर, १६० एकर. गावी आमचं सगळं मिळून साडेतीन एकर. फोनवर आकडा ऐकून आई बराच वेळ काही बोललीच नाही.

मालक सत्तरीचे आहेत, मुलं शेतीत नाहीत. साधारण १३५ एकर वहितीखाली, बाकी तळी आणि झुडपं. यंदा कॅनोला (तेलबियांचं पीक) होता, गेल्या वर्षी मसूर. मी लगेच स्वतः पेरणार नाही. शेजारचे शेतकरी रोख खंडाने करायला तयार आहेत आणि मला दोन हंगाम सोबत घेऊन शिकवायलाही तयार आहेत. इथवर सगळं मनासारखं आहे.

आता खाणीचं. सास्काटूनच्या चहूबाजूंना पोटॅशच्या खाणी आहेत: कोरी, व्हॅन्स्कॉय, ऍलन, पेशन्स लेक, कॉलन्सी. गावी उसाला जे लाल पोटॅश आम्ही टाकतो ते सगळं बाहेरून येतं, त्यातलं बरंचसं याच प्रांतातून. खनिज साधारण एक किलोमीटर खोल आहे. पोटॅश वेगळं काढल्यावर जे उरतं ते मुख्यतः मीठ, आणि ते पोटॅशपेक्षा जास्त असतं. ते खाणीशेजारी रचून ठेवतात, त्याला लागून खारवणीची तळी. मी बघतोय त्या शेतातून असा एक राखाडी डोंगर स्पष्ट दिसतो. मैलांत मोजलं तर तीन.

ऑक्टोबरात शेत पायाखाली घातलं. नैर्ऋत्येच्या सखल कोपऱ्यात एका तळ्याभोवती जमीन पांढरी दिसली. बोटाने उचलली, जिभेला लावली. खारट-कडवट. माझ्या पोटात गोळा आला, कारण ही जमीन मी ओळखतो. आमच्याकडे कृष्णाकाठी पाणी जास्त झालं आणि रानंच्या रानं मीठफुटीने गेली. आमच्या साडेतीन एकरातलं एक एकर आज क्षारपड आहे. वडिलांनी चर काढले, जिप्सम टाकलं, धैंचा गाडला. तिथे ऊस पुन्हा उभा राहिलेला मी तरी पाहिला नाही. आयुष्यभराची शिल्लक पुन्हा तशाच रानात घालायची भीती वाटते.

मालक म्हणतात, हे त्यांच्या वडिलांच्या वेळेपासून आहे, खाणीशी संबंध नाही. माणूस सरळ वाटतो. पण खात्री कशी करायची? पांढरेपणा नैसर्गिक की खाणीकडून आलेला, हे मातीवरून कळतं का?

दुसरं, विक्रीत जमिनीखालचं खनिज येत नाही, फक्त वरची जमीन. हे इथे नेहमीचं आहे म्हणतात. पण खाली खोदकाम सरकत आलं तर जमीन खचते का? मला कुणी विचारणार का?

तिसरं, गावचा थोरला भाऊ काही रक्कम देतो म्हणतोय. कागदोपत्री त्याचं नाव नको, नुसते उसने. चालेल ना?

– वाळवेकर

—

प्रतिसाद: काळी_माती

वाळवेकर, मी मृदाशास्त्रातली, काही वर्षं याच प्रांतात काम केलं आहे. आधी धीर धरा. प्रेअरीवर नैसर्गिक क्षार खूप ठिकाणी आहेत. भूजल वर येतं, उन्हा-वाऱ्याने उडून जातं, क्षार मागे राहतात. तळ्याभोवती बांगडीसारखा पांढरा वेढा हे त्याचं नेहमीचं रूप.

फरक कळतो. इथले नैसर्गिक क्षार बहुतांशी सल्फेट असतात. चॅप्लिन तलावातून तर सोडियम सल्फेट काढून विकतात. पोटॅशच्या खाणीतलं मीठ म्हणजे क्लोराइड. त्यामुळे प्रयोगशाळेला नुसती क्षारता मोजायला सांगू नका, क्लोराइड आणि सल्फेट वेगवेगळे मागा. नमुने तीन खोलींवर घ्या: ० ते १५, १५ ते ३० आणि ३० ते ६० सेंटिमीटर. तसेच नमुने त्याच शेतातल्या चांगल्या जागेचेही घ्या, नाहीतर तुलना कशाशी करणार? विहीर असेल तर तिचं पाणीही द्या. सास्काटूनमध्येच सास्कॅचेवान रिसर्च कौन्सिलची प्रयोगशाळा आहे. जमीन गोठायच्या आत हे करा, नंतर पहार लागेल.

आणखी एक. ओटाव्याच्या राष्ट्रीय हवाई छायाचित्र संग्रहात या भागाचे जुने फोटो मिळतात. सास्काटूनजवळची पहिली खाण १९५८ ची, बाकीच्या साठच्या दशकाच्या शेवटच्या. त्याआधीच्या फोटोत तो वेढा दिसला तर मालक खरं बोलताहेत.

खचण्याबद्दल: इतक्या खोलीवर खांब सोडून खोदतात, त्यामुळे खड्डा पडत नाही. जमीन अनेक वर्षांत अगदी हळू बसते. घराला सहसा काही होत नाही, पण सपाट रानात थोडा उतार बदलला तरी पाणी नव्या जागी साचू शकतं. तुमचा सखल कोपरा म्हणूनच महत्त्वाचा.

—

प्रतिसाद: रेजायनाकर

दादा, भावाच्या पैशाचं आधी थांबवा. सास्कॅचेवानचा शेतजमीन कायदा कडक आहे. कॅनडाबाहेरच्या माणसाला एकूण १० एकरांपर्यंतच जमीन धरता येते, आणि २०१६ च्या दुरुस्तीनंतर कर्जही कॅनडात नोंदणी असलेल्या वित्तसंस्थेकडून किंवा इथल्या रहिवाशाकडूनच घ्यावं लागतं. फार्म लँड सिक्युरिटी बोर्ड पैसा कुठून आला याचं शपथपत्र मागू शकतं. 'नुसते उसने' म्हणून ते सुटत नाही. बोर्डाला स्वतः लेखी विचारा. भावाला वाईट वाटेल, पण उद्या जमीन विकायला लावली तर दोघांचंही जाईल.

खनिजाचं म्हणाल तर आयएससीकडे, म्हणजे प्रांताची जमीन-नोंदणी सांभाळणाऱ्या कंपनीकडे, टायटल (मालकीचा दाखला) काढा. वरच्या जमिनीचं वेगळं, खनिजाचं वेगळं. आपल्या सातबाऱ्यावर 'इतर हक्क' असतात तसे इथे टायटलवर 'इंटरेस्ट' नोंदवलेले असतात: पाइपलाइन, वीज, खाणीचे करार. प्रत्येक नोंदीमागचा मूळ दस्त वकिलाला वाचायला सांगा, नुसती यादी नको. माझ्या जमिनीवर एका नोंदीत मालकाने खचण्याची भरपाई कायमची सोडून दिलेली निघाली. विकणाऱ्यालाही ते माहीत नव्हतं.

आणि शहर जवळ म्हणून चढा भाव देत असाल, तर आधी तुमच्या ग्रामीण नगरपालिकेच्या नियोजन कार्यालयात जा. तिथे घर बांधता येईल का, तुकडा पाडता येईल का, हे विचारल्याशिवाय तो जास्तीचा पैसा देऊ नका.

—

वाळवेकर:

ताई, दादा, मनापासून आभार. क्लोराइड-सल्फेटचं हे आम्हाला गावीही कुणी कधी सांगितलं नव्हतं.

भावाशी काल रात्री बोललो. त्याला समजलं. त्याचे पैसे घेत नाही. बँक जेवढं देईल तेवढ्यात बसत नसेल, तर मालकांना ८० एकर विकता का विचारणार आहे.

मालकांनी नमुने घ्यायला लगेच होकार दिला, स्वतः फावडं घेऊन येतो म्हणाले. गुरुवारी जातोय. ताई, एकच शंका: त्या कोपऱ्यात कोल्ह्याच्या शेपटीसारखे तुरे असलेलं गवत माजलंय, पण तळ्यापासून पन्नास पावलांवर कॅनोलाचे खुंट चांगले जाड आहेत. नमुना वेढ्याच्या आत घेऊ, की गवत संपतं त्या कडेवर?