शाळकरी मुलांनी गावासाठी केलेल्या कामाचा सत्कार व्हावा का?

माणदेशी

मी माण तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. गेल्या आठवड्यात आमचं स्नेहसंमेलन झालं. दहावीत आलेले पहिले तीन, शिष्यवृत्तीधारक, जिल्ह्याला खेळून आलेला खो-खोचा संघ, सगळ्यांना मंचावर बोलावून ट्रॉफ्या दिल्या. नववीतल्या आठ जणांची नावं मात्र यादीत नव्हती.

या आठ जणांनी ऑगस्टपासून दर रविवारी गावातल्या ११ विहिरींचं पाणी मोजलंय. सुती दोराच्या टोकाला दगड, दर मीटरला गाठ, प्रत्येक पाचव्या गाठीला लाल चिंधी. दगड तळाला टेकला की दोर वर ओढायचा आणि ओला भाग किती गाठींचा ते वहीत लिहायचं. सुरुवातीला म्हातारी माणसं सांगायची, "आमची हीर आठ परसाची." मग पोरांनी एका आजोबांना हात वर करून भिंतीला उभं केलं, एक परस म्हणजे किती ते टेपने मोजलं आणि सगळी जुनी मापं मीटरमध्ये लिहून काढली. सोमवारी आकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागतात. ते बघून यंदा तिघा शेतकऱ्यांनी कांद्याऐवजी कमी पाण्यावर येणारी ज्वारी धरली. सरकारी निरीक्षण विहिरी ठरावीकच असतात, आमच्या प्रत्येक विहिरीचा हिशेब कुणाकडेच नव्हता.

मी सत्काराचं सुचवलं तेव्हा शाळा समितीतले एक ज्येष्ठ म्हणाले, "सेवेचा कसला सत्कार? सत्कार केला की सेवा संपली." पुढे कुणी बोललं नाही. मला ते पटलेलं नाही, म्हणून इथे मांडतोय.

१९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी नई तालीम, म्हणजे हातांनी काम करत शिकणं, मांडली. कोठारी आयोगाने कार्यानुभव आणला, १९७७ मध्ये ईश्वरभाई पटेल समितीने समाजोपयोगी उत्पादक कार्य सुचवलं. दर वेळी कागदावर चांगलं होतं आणि शाळेत येईतो त्याची कागदी फुलं झाली, गुणपत्रकाच्या तळाशी एक श्रेणी उरली. शाळेत ज्याचं कौतुक होतं त्यालाच वेळ मिळतो, हे मी २२ वर्षं पाहतोय. म्हणून माझं सरळ म्हणणं आहे: या कामाला तास द्या, गुण द्या आणि मुलांना मंचावर बोलवा.

शाईपेन

असहमत. तुमच्या मुलांच्या कामाबद्दल मनापासून आदर आहे, तो आधी नोंदवते.

माझी मुलगी पुण्यात सातवीत आहे. शाळेने "समाजसेवा, १० तास" असा उपक्रम ठेवला होता. त्यात वृद्धाश्रमाची भेट होती, दुपारी अडीचला. ४० मुलं, प्रत्येकाच्या हातात केळ्यांची पिशवी. एका आजींना झोपेतून उठवून खुर्चीत बसवलं. फोटो नीट आला नाही म्हणून पिशवी त्यांच्या हातातून परत घेतली आणि पुन्हा दिली. पोरगी त्या रात्री नीट जेवली नाही. म्हणाली, "आई, त्यांना केळी नको होती. त्यांना आडवं व्हायचं होतं." महिन्याभराने त्याच भेटीचं प्रमाणपत्र टाळ्यांच्या गजरात तिच्या हातात दिलं. ते कपाटात आहे. भिंतीवर लावायला तिने नाही म्हटलं.

ही भेट मंचासाठीच ठरली होती. ज्या दिवशी शाळेने ठरवलं की सेवेचा सत्कार करायचा, त्या दिवसापासून सत्काराला शोभेल अशी सेवा शोधायला लागली. तुमच्या समितीतले ते ज्येष्ठ मला बरोबर वाटतात. गाडगेबाबा गावात शिरले की खराटा हातात घ्यायचे आणि रात्री कीर्तनाला उभे राहायचे. आपल्याकडे सेवेचा हा वारसा आहे, त्यात हारतुऱ्यांना जागा नाही.

माणदेशी

शाईपेन, तुमच्या मुलीला जे कळलं ते शाळेला कळलं नाही, याचं वाईट वाटलं. पण एक विचारतो. आश्रमाला आधी कुणी विचारलं होतं का, की तुम्हाला काय हवंय? आमच्याकडे विहिरी मोजायच्या हे मी ठरवलं नाही. टँकरचा प्रस्ताव करताना आकडे नसतात म्हणून ग्रामसेवकांनीच शाळेत येऊन विचारलं. गरज दुसऱ्याने सांगितलेली असली की फोटोपुरतं काम होऊच शकत नाही. चुकीच्या कामाचा सत्कार झाला म्हणून खऱ्या कामाचाही नको, हे मला मान्य नाही.

कलम

छोटीशी भर. बालगृहाला भेट देणाऱ्या शाळांनी हे लक्षात ठेवावं: बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७४ प्रमाणे काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख पटेल असं नाव, पत्ता, फोटो कुठल्याही माध्यमात देता येत नाही. शाळेच्या फेसबुक पानावरच्या "आमच्या विद्यार्थ्यांची सेवा" या अल्बममध्ये हे सर्रास मोडलं जातं. आपली मुलं हसताना दिसावीत म्हणून त्या मुलांचा चेहरा वापरायचा हक्क आपल्याला नाही.

कोरडवाहू

मी दोघांशीही पूर्ण सहमत नाही. मराठवाड्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलो.

आमच्या शाळेत रोज सेवा होती, फक्त तिला कुणी सेवा म्हणत नव्हतं. सकाळी प्रार्थनेआधी वर्ग झाडायचा. हापशावरून पाण्याची टाकी भरायची. शनिवारी पटांगणात सडा. झाडायला मुली, टाकी भरायला आम्ही. आणि मुतारी धुवायला कुणाला पाठवायचं हे सांगावं लागत नसे. गुरुजींनी नुसतं त्या बाजूला बघितलं की आमच्या वस्तीतली दोघं-तिघं उठायची. मी त्यातला एक. पाटलाचा मुलगा माझ्या शेजारी बसायचा, माझ्याकडून गणितं सोडवून घ्यायचा, चांगला मित्र होता. चौथीपर्यंत त्याला एकदाही उठावं लागलं नाही. वार्षिक तपासणीच्या दिवशी साहेबांनी स्वच्छ शाळा म्हणून शेरा दिला तेव्हा टाळ्या आम्हीपण वाजवल्या. सहावीत गेल्यावर माझ्या आईने शाळेत येऊन सांगितलं, "माझा पोरगा शिकायला येतो." एवढंच एक वाक्य. त्यानंतर मला कधी उठवलं नाही. पण दुसऱ्या दोघांच्या आया आल्या नाहीत, ते उठत राहिले.

म्हणून "श्रमदान" हा शब्द ऐकला की मी आधी विचारतो, खराटा कुणाच्या हातात आहे? दान कोण करतोय आणि कुणाकडून करून घेतलं जातंय? शहरातल्या मुलाने वर्षातून एकदा रस्ता झाडला की त्याला प्रमाणपत्र. वस्तीतल्या पोराने वर्षभर झाडलं तर ते त्याचं कामच. शाळेत सेवा जरूर असावी, पण पाळी लावून, सगळ्यांना सगळी कामं, मुख्याध्यापकांच्या मुलासकट. हे जमत असेल तर सत्कार करा नाहीतर करू नका, माझी हरकत नाही.

शाईपेन

कोरडवाहू, तुमच्या आईंचं ते वाक्य विसरता येणार नाही. याचा विचार मी केलाच नव्हता.

टिकाव फावडं

मी कनिष्ठ महाविद्यालयात राष्ट्रीय सेवा योजनेचं काम बघतो. ही योजना २४ सप्टेंबर १९६९ ला, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात सुरू झाली. स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४० तास द्यायचे आणि एक सात दिवसांचं निवासी शिबिर करायचं. म्हणजे सेवेला तास देण्याचा प्रयोग आपल्याकडे पन्नासहून जास्त वर्षं चालू आहे. अनुभव सांगतो.

पहिल्या वर्षी आम्ही दत्तक गावात ओढ्याचं पाणी अडवायला वनराई बंधारा घातला. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत वाळू-माती भरायची, तोंडं शिवायची, विटांसारखे सांधे मोडून थर द्यायचे. दोन दिवसांत ७० मुलांनी काम उभं केलं. समारोपाला मान्यवर आले, भाषणं झाली, पेपरात फोटो. पण शिबिर डिसेंबरअखेरचं, ओढ्याची धार तोवर करंगळीएवढी. साठलेलं पाणी तीन आठवड्यांत संपलं. उन्हाळ्यात गोण्या उन्हाने फाटल्या, पावसात वाहून गेल्या. ज्यांच्या शेतालगत बंधारा होता ते काका पुढच्या वर्षी एवढंच म्हणाले, "पोरांनी लई घाम गाळला, पण दिवाळीच्या आत यायला पायजे हुतं."

पुढच्या वर्षी शिबिराची वाट न बघता दोन रविवार काढून ऑक्टोबरात बंधारा घातला. हरभऱ्याला दोन पाणी जास्त मिळाली. त्या वर्षी मी समारोपाला मान्यवर बोलावले नाहीत. काकांना महाविद्यालयात बोलावलं आणि पहिला बंधारा का फसला ते मुलांसमोर सांगायला लावलं. मुलं कान टवकारून ऐकत होती. माझ्या लेखी तो सत्कार.

शाईपेन

हे मला पटतं. पण गुणांचं काय? अकरावी-बारावीला पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा हा विषय आहे, प्रकल्प सक्तीचा. कल्पना उत्तम. माझ्या भाच्याचा प्रकल्प मी स्वतः पाहिला. स्टेशनरीच्या दुकानात तयार मिळतो, वर फक्त नाव आणि हजेरी क्रमांक घालायचा. गावाचं नाव तेच, नदी तीच, सर्वेक्षणातली कुटुंबंही तीच. सक्ती आणि गुण एकत्र आले की असंच होणार. माणदेशी, तुमची आठ मुलं स्वतःहून आली म्हणून आकडे खरे आहेत. उद्या २० गुण ठेवा. ८० जण येतील, आणि त्यातले ६० घरी बसून विहिरी मोजतील. मग त्या फळ्यावर विश्वास ठेवून ज्वारी कोण धरणार?

ऐरण

तिसरा मार्ग आहे. पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. कलबागांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तिथून पसरलेला मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम मी शाळेत शिकवतो. मुलं गावाला सेवा देतात आणि तिचे पैसे घेतात. माती तपासून देणं, वेल्डिंग करून फाटक बसवणं, घराचं वायरिंग. फाटक तिरकं बसलं तर शेतकरी पैसे अडवतो, काम पुन्हा करावं लागतं. इथे खोटा प्रकल्प चालत नाही, कारण गुण देणारा बिजागरी हलवून बघतो. स्काउटमध्येही काम करून पैसे मिळवायचा 'खरी कमाई' उपक्रम आहेच. मोबदला घेतला म्हणून काम हलकं होत नाही, आणि गरीब घरातल्या मुलाला रविवार देणं परवडतं. सेवा फुकटच हवी हा आग्रह मुख्यतः पोट भरलेल्यांचा असतो, असं माझं ठाम मत आहे.

माणदेशी

सगळ्यांचं दोनदा वाचलं. शाईपेन, गुणांबाबतचं माझं म्हणणं मी मागे घेतो. फळ्यावरचा एक आकडा जरी खोटा निघाला तर पाच महिन्यांचं काम पाण्यात जाईल. सत्काराबाबत मात्र मी हटणार नाही. या वयात गावाने नाव घेतलेलं पोराला जन्मभर पुरतं. ते नाव शाळेच्या मंचावर न घेता २६ जानेवारीच्या ग्रामसभेत घेतलं जावं, आठही जणांनी आपापल्या विहिरीचे आकडे स्वतः वाचावेत आणि लोकांनी प्रश्न विचारावेत, असं आता वाटतंय.

कोरडवाहू

आठही जण २६ जानेवारीला गावात असतील?

माणदेशी

नाही. दोघं नाहीत. एक भाऊ-बहीण. दिवाळीनंतर आई-वडिलांबरोबर ऊसतोडीला कोल्हापूरकडे गेले. वहीतली दिवाळीपर्यंतची जवळजवळ सगळी पानं त्या मुलीच्या अक्षरात आहेत. लाल चिंध्याही तिनेच बांधल्या होत्या.

कोरडवाहू

मग १ मेची ग्रामसभा धरा. तोवर पट्टा पडलेला असतो, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपलेला असतो, ऊसतोडीच्या टोळ्या गावी आलेल्या असतात.

माणदेशी

धरली. विहिरीही तेव्हा तळाला असतात, आकडे ऐकायला लोक येतील. मधल्या महिन्यांची पानं बाकीची मुलं लिहितायत. दोराला नवीन चिंध्या बांधायच्या झाल्यात, त्या तेवढ्या तिच्यासाठी ठेवतो.