मंडळाचा ट्रेलर मागून ढकलतोय

प्रेषक: साहित्य समिती
विषय: ट्रेलरचे ब्रेक, कुणी जाणकार आहे का?

नमस्कार मंडळी,

मंडळाचा ट्रेलर यंदा माझ्या ताब्यात आहे. एक एक्सल, दोन्ही चाकांना 10 इंची ड्रमचे इलेक्ट्रिक ब्रेक. रंगमंचाच्या फळ्या भरल्या की ब्रेक मारताना तो गाडीला मागून चक्क ढकलतो. गाडीतल्या ब्रेक कंट्रोलरचा गेन, म्हणजे ट्रेलरच्या ब्रेकला किती जोर द्यायचा तो आकडा, वाढवत वाढवत 10 वर नेला, फरक शून्य. खड्ड्यात आदळला की कंट्रोलर मधूनच शॉर्टचा इशारा दाखवतो आणि लगेच गप्प होतो. डावा इंडिकेटर दिला की टेल लाइटही त्याच्याच तालावर मिणमिणतात.

गाडीच्या मागच्या 7 पिनांच्या सॉकेटमध्ये ब्रेकच्या निळ्या तारेच्या पिनवर मल्टिमीटर लावला आणि मुलाला कंट्रोलरची हातकळ पूर्ण दाबायला सांगितली. 12.4 व्होल्ट आले. म्हणजे गाडीकडून सगळं ठीक आहे ना? मग दोन्ही चाकांचे ब्रेकच नवे घालू का? शनिवारपर्यंत ठरवायचं आहे.

---

प्रेषक: काका
विषय: उत्तर: ट्रेलरचे ब्रेक

अरे थांब, काहीही विकत आणू नकोस. तीन दुखणी सांगतोस आणि औषध एकच मागतोस.

इंडिकेटरबरोबर टेल लाइट मिणमिणतात, याचा अर्थ पांढरी तार. अर्थिंग. दिव्यांना परतीचा धड रस्ता नाही, म्हणून करंट दुसऱ्या दिव्यातून वाट काढतोय. ब्रेकचा करंटही त्याच रस्त्याने परततो, आणि तो दिव्यांपेक्षा जास्त असतो. म्हणून पहिला संशय तिथे. कधी कधी हिचच्या, म्हणजे ट्रेलर जोडायच्या, गोळ्यातून अर्थिंग मिळतं आणि काम चालल्यासारखं वाटतं. त्याला भुलू नकोस.

आता तुझे 12.4 व्होल्ट. मीटर स्वतः जवळजवळ करंट ओढतच नाही. तार एका धाग्यावर लटकत असली तरी तो तेवढेच व्होल्ट दाखवेल. भार टाकून बघ. जुन्या हेडलाइटचा 55 वॅटचा बल्ब निळ्या आणि पांढऱ्या पिनमध्ये लाव आणि कळ दाब. तो साडेचार अँपिअरच्या आसपास ओढतो. लख्ख पेटला तर गाडी आणि कंट्रोलर निर्दोष.

मग ट्रेलर जोड. मीटरचं एक टोक गाडीच्या बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरं ट्रेलरच्या सांगाड्याच्या उघड्या लोखंडावर. रंगावर नको, खरवडून घे. कळ दाबल्यावर अर्ध्या व्होल्टच्या आत आलं तर ठीक. जास्त आलं तर तेवढे व्होल्ट अर्थिंगमध्येच जिरतायत, ब्रेकपर्यंत पोचतच नाहीत.

अर्थिंग दुरुस्त झाल्यावरच पुढचं, नाहीतर गंजाचा रोध आकड्यात मिसळेल. ट्रेलर गाडीपासून सोड, ब्रेकअवेच्या (ट्रेलर गाडीपासून सुटला तर आपोआप ब्रेक लावणाऱ्या यंत्रणेच्या) बॅटरीची तार काढ, आणि ट्रेलरच्या प्लगवर निळ्या-पांढऱ्यात ओहम मोज. तुझ्या मापाच्या ब्रेकचा एक मॅग्नेट साधारण 3.2 ओहमचा. दोन समांतर जोडलेले, म्हणजे 1.6 यायला हवेत. 3.2 आले तर एक चाक संपावर आहे. मीटरची टोकं आधी एकमेकांना लावून काय येतं ते बघ आणि तेवढं वजा कर.

आणि ट्रेलर उभा असताना कळ दाबून ब्रेक तपासू नकोस, फार तर गुणगुण ऐकू येईल. मॅग्नेट फिरत्या ड्रमच्या सपाट तोंडाला चिकटतो, ड्रम त्याला थोडा ओढत नेतो, त्या ओढीने दांडा वळतो आणि शू, म्हणजे ड्रमला आतून घासणाऱ्या पट्ट्या, फाकतात. चाक फिरलंच नाही तर दांडा ओढणार कोण?

---

प्रेषक: ताई
विषय: उत्तर: उत्तर: ट्रेलरचे ब्रेक

काकांचं बरोबरच आहे. पण ड्रम उघडायची वेळ आलीच तर शूंना बोट लावून बघ. आमच्या कॅम्पर ट्रेलरला यांनी चाक न फिरवता ग्रीस गनने दाबून बेअरिंगमध्ये ग्रीस भरलं. ते सील ओलांडून सगळं शूंवर. वायरिंग चोख, मॅग्नेट चोख, आणि ब्रेक म्हणजे लोण्यावरून घसरणं! ग्रीस प्यायलेले शू धुऊन वाचत नाहीत, बदलावेच लागतात.

दुसरं, ब्रेकअवेची पिन उपसून बघायची असेल तर आधी गाडीचा प्लग काढ. नाहीतर ट्रेलरच्या बॅटरीचे 12 व्होल्ट उलटे कंट्रोलरमध्ये घुसू शकतात. आम्ही त्याचीही किंमत मोजलेली आहे, पण ते आता नको.

---

प्रेषक: यादी व्यवस्थापक
विषय: उत्तर: उत्तर: उत्तर: ट्रेलरचे ब्रेक

कृपया आधीचे मेल खाली तसेच ठेवून उत्तर पाठवू नये. एकाच मेलमध्ये "नमस्कार मंडळी" चार वेळा वाचायला लागतंय.

(काका, माझ्या बोटीच्या ट्रेलरला 4 पिनांचाच प्लग आहे. त्याला इलेक्ट्रिक ब्रेक लागतील का?)

---

प्रेषक: काका
विषय: 4 पिना

नाही. त्यात तपकिरी, पिवळी, हिरवी आणि पांढरी, एवढ्याच तारा. म्हणजे टेल लाइट, डावा, उजवा आणि अर्थ. ब्रेकची निळी तारच नाही. आणि जुना ट्रेलर असला तर रंगांवरही विसंबू नये. आधीच्या मालकाने घरात उरलेली तार ओढलेली असते.

---

प्रेषक: साहित्य समिती
विषय: ट्रेलर, पहिला अहवाल

काका, बल्ब गाडीच्या सॉकेटवर लख्ख पेटला. ट्रेलर जोडून सांगाड्यापाशी मोजलं तर 3.4 व्होल्ट! मी मीटर झटकून पुन्हा मोजलं. तेवढेच.

पांढरी तार ट्रेलरच्या जिभेखाली, म्हणजे पुढच्या जोडदांड्याखाली, एका बोल्टला होती. बोल्ट घट्ट, पण रिंग टर्मिनल रंगावरच कसलेलं, आणि वॉशरखाली तांबूस भुगा. तारेचं टोक हातात आलं तेव्हा तांबं हिरवं पडलेलं. काळं पडलेलं तीन बोटं कापून टाकलं, लोखंड चकचकीत होईपर्यंत घासलं, नवं टर्मिनल दाबून बसवलं आणि वरून ग्रीस चोपडलं. आता 0.2 व्होल्ट. इंडिकेटर दिला तरी टेल लाइट ढिम्म हलत नाहीत.

ब्रेक थोडे लागतात, पण मन भरत नाही. ओहम आले 3.4, मीटरच्या टोकांचे 0.2 वजा केले तर 3.2. संपावरचं चाक सापडलं म्हणायचं का?

---

प्रेषक: काका
विषय: उत्तर: ट्रेलर, पहिला अहवाल

चाक सापडेल, पण चाकाचा दोष असेलच असं नाही. ट्रेलर जॅकवर घे, पण नुसत्या जॅकवर नको, खाली स्टँड लाव. एकेक चाक हाताने गरगर फिरव आणि कुणाला तरी कळ दाबायला सांग. जे थांबणार नाही ते.

मग लगेच ड्रम काढू नकोस. पलीकडच्या चाकाची तार बहुतेक एक्सलच्या पोकळ नळीतून गेलेली असते. प्रत्येक खड्ड्याला ती आत आपटते आणि नळीच्या तोंडाशी घासते. तुझा खड्ड्यातला शॉर्ट मला तिथलाच वाटतो.

नव्या जोडांसाठी ते तारेवर दाबून बसवायचे निळे चिमटे वापरू नकोस. ते तार सोलत नाहीत, नुसती चावतात, आणि चावलेल्या जागी पाणी जातं. आत गोंद असलेली, तापवून आवळणारी नळी घे.

---

प्रेषक: साहित्य समिती
विषय: ट्रेलर, दुसरा अहवाल

उजवं चाक फिरतच राहिलं. नळीतून तार ओढली तर अर्धा वीत बाहेर आली आणि अडकली. जोर लावल्यावर आली ती तुटलेलीच. नळीला जिथे भोक पाडलंय तिथे कडेला रबरी बुश नव्हता. कड चाकूसारखी, आणि तारेचं प्लास्टिक तेवढ्याच जागी सोलून तांबं उघडं. निळी तार पूर्ण तुटली होती. तिचं करंट असलेलं टोक नळीत लोंबत होतं, खड्ड्यात लोखंडाला टेकायचं आणि कंट्रोलर ओरडायचा. मॅग्नेट ठणठणीत, थेट त्याच्या दोन तारांवर 3.2 ओहम.

नवी तार नळीच्या आतून न नेता एक्सलच्या मागच्या बाजूने नेली, कवचात घालून, दर वीतभर अंतरावर पट्ट्यांनी बांधून. आता प्लगवर 1.8, म्हणजे 1.6. निळ्या तारेत मीटर घालून करंट मोजला, साडेसहा अँपिअर.

---

प्रेषक: काका
विषय: उत्तर: ट्रेलर, दुसरा अहवाल

शाब्बास. मीटरची अँपिअरची बाजू 10 पर्यंतच असते, ते लक्षात ठेव. दोन एक्सलच्या ट्रेलरवर चार मॅग्नेट 12 च्या आसपास ओढतात, तिथे असं केलंस तर मीटरचा फ्यूज उडेल.

आता शू जुळवून घे. मागच्या झाकणातल्या फटीतून दातेरी चक्री फिरव, चाक जवळजवळ अडेपर्यंत. मग उलटी फिरव, अगदी किंचित घासत मोकळं फिरेल इतपत. नंतर मोकळ्या रस्त्यावर ताशी 35 किलोमीटरने जाऊन फक्त हातकळ दाबून बघ.

आणि गेन खाली आण! तू तो 10 वर ठेवलायस. तेव्हा एकच ब्रेक लागत होता आणि तोही अर्धामुर्धा.

---

प्रेषक: साहित्य समिती
विषय: उत्तर: उत्तर: ट्रेलर, दुसरा अहवाल

हा मेल रस्त्यावरून परत आल्यावर वाचला. दोन्ही चाकं जागच्या जागी कुलूपबंद, डांबरावर दोन काळे पट्टे, आणि शेजारी बसलेल्या बायकोने माझ्याकडे जे पाहिलं ते यादीवर लिहिण्यासारखं नाही.

आता गेन 5 वर आहे. फळ्या भरून शनिवारी पुन्हा बघतो.